ईव्ही घरच्या प्लगवर चार्ज होत नाही, लाल दिवा येतो – माझा अनुभव

पार्किंगमधल्या १५ अँपियर सॉकेटला गाडीसोबतचा चार्जर लावला की जरा वेळ हिरवा, मग लाल दिवा आणि चार्जिंग बंद, तोच चार्जर भावाकडे मात्र मस्त चालायचा. सॉकेट बदललं, एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बदलला, डोक्याला नुसता ताप. शेवटी वायरमनने मल्टीमीटर लावला: फेज-न्यूट्रल २३०, पण न्यूट्रल-अर्थमधे ३८ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग नावालाच, म्हणून चार्जर लाल दिवा दाखवून बंद होत होता. आधी मेन बंद केला, नवीन खड्डा करून तांब्याचा रॉड ठोकला, तिथून ४ स्क्वेअर एमएमची हिरवी वायर थेट सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाच्या टर्मिनलला, मग मेन चालू करून परत मोजलं, २ व्होल्टच्या आत आलं तेव्हाच गाडी लावली. काही जण सॉकेटमधेच न्यूट्रल-अर्थ जोडून देतात, दिवा हिरवा होतो खरा पण न्यूट्रल तुटला की गाडीच्या बॉडीत करंट, तसलं अजिबात करू देऊ नका.