ट्रॉली जोडून साइटला निघायच्या आधी

जनरेटर, वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर असलं सामान दोन चाकी ट्रॉलीवर घालून पिकअपच्या मागं लावायचं आणि सोलापुरातनं मोहोळ-पंढरपूर नाहीतर तुळजापूरकडं न्यायचं असेल तर तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू करा, सकाळच्या घाईत निम्मं राहून जातंय.

सगळ्यात आधी वजन. लोकं हूक बघतात, लाइट बघतात, पण सामान कसं भरलंय ते कोण बघत नाही, आणि हायवेला ट्रॉली शेपटी हलवायला लागते ती बहुतेक वेळा मागं वजन झाल्यामुळंच. जड मशीन एक्सलच्या जरा पुढं घ्या, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यायला पाहिजे, म्हणजे भरलेली ट्रॉली १२०० किलो असली तर १२० ते १८० किलो. एकूण वजन एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर करा, हुकावरचा भार, म्हणजे ट्रॉलीच्या पुढच्या दांडीचं वजन, प्लॅटफॉर्म काट्यावर दांडी टेकवून कळतंय, फक्त ट्रॉली लेव्हलला धरा. याच्या वर भार गेला तर पिकअप मागं बसते आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ढिलं लागतंय, तेपण धोक्याचंच.

मग हुकाची पिन हातात काढून बघा, मधे घासून खाच पडली असेल तर बदलाच, आणि पिनच्या जागी कुठला तरी बोल्ट घालून चालवणं बंद करा, खरंच बंद करा, मागनं टू व्हीलरवर माणसं येत असतात. खालची क्लिप लावायची, दोन्ही साखळ्या दांडीखालनं एकमेकीवर क्रॉस करून अडकवायच्या म्हणजे पिन निघालीच तर दांडी रस्त्यावर न पडता साखळ्यांवर झेलली जाते, वळणापुरती ढील ठेवा पण रस्त्याला घासू देऊ नका.

टायरची हवा सकाळी गार असतानाच बघा, मे महिन्यात दुपारी तापल्यावर हवा जास्त दिसते म्हणून काढू नका. ट्रॉली उन्हात उभी राहून राहून टायरला बाजूनं चिरा पडतात, नक्षी नवी दिसली तरी. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नट पान्यानं आवळा, चाक बदललं असेल तर ८०-१०० किलोमीटरवर परत आवळा, आणि चहाला थांबलात की हबजवळ हात न्या, एक बाजू जास्त तापलेली वाटली तर बेअरिंग बघायला पाहिजे.

लाइट, इंडिकेटर, मागं रेडियम. उसाच्या सीझनला रात्री रस्त्यावर बिनलाइटच्या ट्रॉल्या असतात, त्यात आपली एक नको. जनरेटरचा डिझेल कॉक बंद. ऑक्सिजन आणि डीए (वेल्डिंगचा अॅसिटिलिन गॅस) सिलिंडर उभेच बांधायचे, टोपी लावून, आणि ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला ग्रीसचा हात अजिबात लावायचा नाही.

रस्त्यात ट्रॉली हलायला लागलीच तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका, वेग वाढवून तर बघूच नका. तुळजापूरचा घाट उतरताना आधीच खालचा गिअर टाका.

साइटवर आपली काळी माती, वरनं कडक दिसते आणि पाणी दिलेल्या रानात जॅक आत जातोय. म्हणून प्रत्येक जॅकखाली जाड फळी. आधी दोन्ही चाकांना पुढनं-मागनं लाकडी ठोकळे, मग पुढचा जॅक टेकवा, ट्रॉलीच्या मागच्या टोकाचे टेकूचे पाय खाली घ्या, त्यानंतरच साखळी आणि पिन काढा. मागचे पाय न लावता कोण ट्रॉलीच्या मागच्या टोकाला चढला तर दांडी एकदम वर उडते, समोर उभ्या माणसाच्या तोंडाला लागेल. हे पाय ट्रॉली हलू नये म्हणून आहेत, त्यावर चाकं उचलायची नाहीत.

परतताना ट्रॉलीत पुढं भरलेलं लोखंड साइटवर उतरलेलं असतंय, म्हणजे भार मागं गेला, तेव्हा जनरेटर पुढं सरकवून बेल्ट परत ताणा आणि मगच गाडी काढा.