रात्री कॅज्युअल्टीत ॲक्सिडेंटचा पेशंट आला की पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं

हे लिहितोय ते घोडबंदर रोड, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, कामोठे अशा ठाणे-नवी मुंबईकडच्या छोट्या हॉस्पिटलांत नाईट करणाऱ्या नवीन आरएमओंसाठी, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांसाठी. मोठ्या ठिकाणी सर्जन, भूलतज्ज्ञ, सिटी स्कॅन सगळं एका हाकेवर असतं, तुमच्याकडे रात्री दोनला एक सिस्टर, एक मामा आणि तुम्ही एवढेच. पण पाम बीचवर घसरलेला बाइकवाला नाहीतर गायमुखच्या घाटात उलटलेल्या रिक्षातला माणूस आधी तुमच्याच दारात येतो, कारण त्याला उचलून आणणारा जवळचं पहिलं हॉस्पिटल दिसलं की गाडी वळवतो.

माझं म्हणणं एकच आहे, जे आधी जीव घेतं ते आधी बघायचं. वाकडा झालेला पाय आणि सोललेला चेहरा बघून सगळे तिकडेच धावतात आणि तोपर्यंत पोटात ब्लीडिंग चालूच असतं. हाच क्रम म्हणजे एबीसीडीई: एअरवे (श्वासनलिका), ब्रीदिंग (श्वास), सर्क्युलेशन (रक्ताभिसरण), डिसॅबिलिटी (मेंदूची अवस्था), एक्सपोजर (कपडे काढून सगळं अंग बघणं). ही शिस्त आली कुठून तर १९७६ साली अमेरिकेत नेब्रास्कामध्ये जेम्स स्टायनर नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जनचं स्वतःचं विमान कोसळलं, बायको गेली, मुलं जखमी झाली, आणि जवळच्या छोट्या हॉस्पिटलात मुलांना जी ट्रीटमेंट मिळाली ती बघून तो हादरला, त्यातून १९७८ मध्ये एटीएलएसचा, म्हणजे जखमी पेशंट कसा सांभाळायचा हे डॉक्टरांना शिकवणारा, पहिला कोर्स झाला. म्हणजे ही पद्धत मुळात तुमच्यासारख्या छोट्या हॉस्पिटलांसाठीच बनलीय.

१०८ वाल्यांचा आधी फोन आला तर तेवढ्या वेळात सक्शन चालू करून बघा, ऑक्सिजनचा सिलेंडर भरलेला आहे ना ते बघा, आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाइनच्या) दोन बाटल्या गरम पाण्याच्या टबात ठेवा, ग्लोव्हज घाला. कोण डोक्याशी, कोण सलाइनची लाइन घेणार, कपडे कोण कापणार हे आधीच बोलून घ्या, पेशंट आल्यावर नुसती आरडाओरड होते.

पेशंट आत आला की पहिला प्रश्न, "नाव काय तुमचं? काय झालं?" स्पष्ट उत्तर आलं म्हणजे श्वासनलिका मोकळी आहे, श्वास चाललाय, मेंदूला रक्त पोचतंय, दहा सेकंदात एवढं कळतं. पण हे विचारता विचारता नजर रक्तावर हवी, कारण धो धो रक्त जात असेल तर एअरवेच्याही आधी ते थांबवायचं. लोकलखाली पाय गेलेला पेशंट असेल, किंवा महापे-रबाळेच्या एमआयडीसीत मशिनमध्ये हात गेलेला, तिथे जखमेवर नुसती कापसाची पट्टी गुंडाळून काही होत नाही. थेट दाबा, खोल जखमेत गॉज ठासून भरा आणि वरून दाबून धरा, हात-पाय असेल आणि तरी थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर टूर्निकेट (रक्त अडवणारा घट्ट पट्टा), सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट, आणि बांधल्याची वेळ ठळक लिहायची. टूर्निकेट नसेल तर तात्पुरतं बीपीचा कफ फुगवून धरा, पण त्याच्यावर लक्ष ठेवा, हवा हळूहळू कमी होते. तुटलेलं बोट आणलं असेल तर ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात, बोट थेट बर्फावर कधीच नाही.

मग एअरवे. घरघर येत असेल तर सक्शन आणि जॉ थ्रस्ट (खालचा जबडा पुढे उचलणं), मान मागे टाकायची नाही, एकाने डोकं सरळ धरून ठेवायचं. हेल्मेट असेल तर दोघांनी मिळून काढायचं, एक मान धरतो, दुसरा काढतो. जीसीएस (शुद्धीचा ३ ते १५ चा स्कोअर) आठ किंवा कमी असेल तर ट्यूब लागणार, पण तुमचा हात त्यात बसलेला नसेल तर दहा वेळा प्रयत्न करून तोंडात रक्त करून ठेवण्यापेक्षा दोघांनी मिळून अंबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) नीट द्या नाहीतर आयजेल (घशात बसवायची सोपी नळी) टाका. नाका-कानातून रक्त किंवा पाणी येत असेल तर नाकातून काहीही घालू नका, पोटात जाणारी राइल्स ट्यूबसुद्धा नाही.

छाती उघडून बघायची, शर्टावरून स्टेथोस्कोप लावून काही कळत नाही. धाप लागलीय, एका बाजूला हवा जात नाहीये, बीपी पडतंय, तर हा टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा कोंडून फुप्फुस आणि हृदय दाबलं जाणं) समजा आणि एक्सरेसाठी पाठवू नका, पेशंट एक्सरेच्या टेबलावरच दगावेल. मोठ्या माणसात पाचव्या फासळीच्या जागेत, काखेच्या मधल्या रेषेच्या जरा पुढे, लांब सुई, आणि लगेच त्यामागे आयसीडी (छातीतली हवा-रक्त बाहेर काढणारी नळी). मानेच्या शिरा फुगलेल्या हव्यातच असं पुस्तकात वाचलेलं असतं, पण रक्त गेलेल्या माणसात त्या सपाट असतात. छातीला उघडी जखम असेल तर ड्रेसिंग तीन बाजूंनीच चिकटवायचं. आयसीडी टाकल्या टाकल्या दीड लिटर रक्त आलं तर तो पेशंट ऑपरेशनचा, इथे बसून राहायचं नाही.

आता सर्क्युलेशन, सगळ्यात जास्त पेशंट इथेच फसवतात. "सर बीपी ११० आहे, स्टेबल आहे" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. तरुण माणसाचं तीस टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत वरचं बीपी टिकून राहू शकतं, म्हणजे जवळजवळ दीड लिटर गेल्यावर आकडा पडतो, आणि पडतो तेव्हा धाडकन पडतो. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, नख दाबून सोडलं तर रंग दोन सेकंदात परत येत नाही, माणूस उगाच चिडचिड करायला लागतो. म्हणून आधी हात लावून बघा, मग मॉनिटर. आणि रक्त गेलं कुठे ते पाच ठिकाणी शोधायचं, छाती, पोट, पेल्विस (ओटीपोटाचं हाडाचं कडं), मांडी, आणि रस्ता, म्हणजे बाहेर सांडलेलं. बाहेर रक्त दिसत नाही म्हणून ब्लीडिंग नाही असं नसतं, एका मांडीच्या फ्रॅक्चरमध्येच लिटर-दीड लिटर मुरतं. पेल्विस दाबून हलवून बघायचं नाही, संशय आला की चादर दुमडून, कंबरेवर नाही, मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर घट्ट आवळून बांधा, बहुतेक जण ती चादर फार वर बांधतात आणि तिचा काही उपयोग होत नाही.

दोन मोठ्या लाइन घ्या, करड्या जेल्को (शिरेत घालायच्या जाड सुया), नाहीच मिळाली तर हिरवी, बारीक गुलाबीवर हा पेशंट सांभाळता येत नाही. आरएल गरम करून एक लिटरपर्यंत, त्यापुढे बाटल्यांवर बाटल्या नाही, कारण रक्त पातळ होतं, अंग गार पडतं आणि जमणारी गुठळी वाहून जाते. त्यानंतर लागतं ते रक्तच, म्हणून ग्रुपिंगचा नमुना पहिल्या लाइनबरोबरच काढा आणि ब्लड बँकेला तेव्हाच फोन. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध) एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. २०१० च्या क्रॅश-२ अभ्यासात वीस हजारांवर पेशंटमध्ये याने मृत्यू कमी झाले, पण फायदा तीन तासांच्या आत दिल्यावरच, नंतर दिलं तर उलट नुकसान दिसलं, म्हणून ॲक्सिडेंट किती वाजता झाला हे सोबत आलेल्याला पहिल्यांदा विचारा. डोक्याला मार नसेल तर ब्लीडिंग थांबेपर्यंत वरचं बीपी ८०-९० ला ठेवलं तरी चालतं, डोक्याला मार असेल तर मात्र ११० च्या वरच हवं. बाई गरोदर असेल तर डावीकडे थोडी कलती ठेवा.

डिसॅबिलिटीत जीसीएस, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या आणि शुगर. तोंडाला वास येतोय म्हणून "दारू प्यायलाय, झोपू दे" असं कोणी म्हणालं तर कृपया ऐकू नका, सिटी होईपर्यंत तो डोक्याच्या माराचाच पेशंट. कपडे सगळे कापून काढा, चौघांनी मिळून लॉग रोल करून (मान-पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवून) पाठ बघा, आणि लगेच ब्लँकेट घाला, पावसाळ्यात हे लोक चिंब भिजून येतात आणि आपण एसीखाली उघडे ठेवतो.

मोठ्या हॉस्पिटलात शिफ्टिंगचा निर्णय या दहा मिनिटांतच घ्यायचा. सर्जन नाही, रक्त नाही, तर सिटी काढत बसू नका, बीपी नसलेल्या पेशंटला सिटीच्या खोलीत नेणं म्हणजे त्याला हातातून सोडणं. कळव्याचं पालिकेचं मोठं हॉस्पिटल असो की सायनचं, आधी समोरच्या डॉक्टरशी बोला, नाहीतर माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून तिथे पोचल्यावर बेड नाही कळतं. बांधलेलं टूर्निकेट, आयसीडीतलं रक्त, दिलेली औषधं आणि वेळा एका कागदावर, आणि सोबत अंबू मारता येणारा माणूस.

पैसे आणि पोलीस या दोन गोष्टींसाठी सुरुवात थांबवायची नाही. परमानंद कटारा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर, एमएलसीची (पोलीस केसची) नोंद हात मोकळा झाल्यावर करा. ज्याने आणून सोडलं त्याला अडवून नाव-पत्ता मागू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ए मध्ये त्याला संरक्षण आहे, स्वतःहून दिलं तर ठीक. नातेवाइकांशी एकानेच बोलायचं, आणि खरं बोलायचं.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून बघा, श्वास, नाडी, हात गार आहेत का, बाहुल्या. टाके, टिटॅनसचं इंजेक्शन, एक्सरेच्या फिल्मा, हे वेळ उरला तर, नाही उरला तर पुढचे बघतील.