लोंबीतच कोंब आलेलं भात वेगळं ठेवा

नवापूरकडे भात कापणीला आलं आणि परतीचा पाऊस लागला, तर आडव्या पडलेल्या लोंब्या आधी उचला. सुप्तावस्था (पिकल्यावर दाणा न उगवता थांबतो तो काळ) कमी असलेल्या वाणांचा दाणा ओल्या मातीला टेकला की काही दिवसांतच कोंब धरतो. कोंब दिसायच्या आधीच आत अल्फा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्च तोडून त्याची साखर करू लागतं. शंका आली की दाणा सोलून नखाने दाबा. बिघडलेला ठिसूळ लागतो, लगेच भुगा होतो. असा तांदूळ गिरणीत तुटतो, कणी फार निघते, शिजवला की गिच्च होतो. एकदा तुटलेलं स्टार्च वाळवून परत येत नाही, म्हणून हा माल चांगल्या राशीत मिसळू नका. बियाण्याला तर मुळीच नको. बाकीचं भात पातळ पसरून ओलावा 14 टक्क्यांपर्यंत उतरवा, मगच कणगीत भरा.