कोऱ्या पानांच्या वह्या: शाळेच्या सेवागटासाठी

आमच्या शाळेत इंटरॅक्ट क्लब आहे. रोटरी या सेवासंस्थेनं १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी काढलेला. पहिला १९६२ साली फ्लोरिडात निघाला. वर्षात निदान दोन उपक्रम हवेत: एक शाळेसाठी किंवा गावासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा. दुसऱ्याचं आमच्याकडे बहुतेकदा भित्तिपत्रकच होतं. पहिल्याचं सांगते: मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून नव्या वह्या शिवायच्या.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की लगेच जुन्या वह्यांसाठी वर्गावर्गात खोकी ठेवा. दोन दिवस उशीर केलात तर वह्या रद्दीवाल्याकडे गेल्याच म्हणून समजा.

पानं फाडू नका. आमच्या मुलांनी पहिल्या वर्षी टराटरा फाडली आणि हाती सुट्या पानांचा ढीग आला, शिवायचा कसा? वहीच्या मधल्या पिना चिमट्यानं उचकटा, म्हणजे जोडपानं अखंड निघतात. दोन्ही अर्धी कोरी असलेलीच घ्या. एकेरी, दुरेघी, चौकटी असे वेगळे गठ्ठे लावा. पंचवीस जोडपानं मधोमध दुमडली की शंभर पानी वही तयार. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा. एक मधे, दोन टोकांपासून दोन-दोन बोटं आत. दाभण मोठ्या मुलांच्याच हातात द्या, खाली जुनी पाटी. दोरा मधल्या भोकातून आत घ्या, वर-खाली फिरवून पुन्हा मधल्याच भोकाशी आणा आणि गाठ मारा. पुठ्ठ्याला जुनं कॅलेंडर चालतं, कोरी बाजू वर.

दोरा-सुईचा खर्च फळ्यावर लिहा, रोजच्या रोज. खजिनदार नववीतला असावा. दहावीच्या मुलाला शिकवणीतून वेळ नसतो.

आता वाटप. पहिल्या वर्षी आम्ही 'गरजू' मुलांची यादी केली, रांग लावली, फोटो काढला. यादीतली एक मुलगी त्यानंतर दोन दिवस शाळेत आली नाही. चूक माझीच होती, यादी मी केली होती. तेव्हापासून वह्या वाचनालयाच्या उघड्या कपाटात असतात. ज्याला हवी त्यानं न्यावी, नोंद नाही. "मॅडम, सगळेच नेतील की!" असं मुलं म्हणाली. नेतात. संपल्या तर पुढच्या एप्रिलला जास्त शिवतो.

गेल्या जूनमध्ये आठवीतल्या एकानं दोन नेल्या. दुसरी कशाला, असं मी विचारलं नव्हतं, तरी त्यानंच सांगितलं: "आजीच्या भिशीच्या हिशोबाला."