जुन्या बॅटऱ्यांमधले लिथियम सेल काढायचे असतील तर आधीची तयारी (आणि मार्कर!)

मार्कर घ्या. बाकीचं सगळं सांगतोच, पण पॅक (सेल जोडून केलेली अख्खी बॅटरी) उघडायच्या आधी टेबलावर पहिली वस्तू मार्कर, बारीक टोकाचा, पुसला न जाणारा, आणि सोबत कागदी चिकटपट्टी, कारण गडद रंगाच्या सेलवर मार्कर दिसत नाही. मागच्या वेळी माझ्याकडे बाकी सगळं होतं आणि नेमकं हेच नव्हतं. व्होल्टेजचे आकडे वहीत लिहिले, सेलवर काहीच लिहिलं नाही, सगळे एका डब्यात गेले आणि कुठला आकडा कुणाचा हे कळायचा मार्गच उरला नाही. त्यातला एक सेल पार १ व्होल्टच्या खाली उतरलेला होता, तोही चुकून चार्ज झाला आणि मीटरवर इतरांसारखाच ४.२ दाखवायला लागला. म्हणून इतकं डोकं खातोय. चार्ज झाल्यावर चांगला सेल आणि आतून खराब झालेला सेल मीटरवर सारखेच दिसतात, सेलचा इतिहास तुम्ही त्याच्या अंगावर लिहिला तरच राहतो.

जागा. मोकळी, हवा खेळती, आजूबाजूला पडदा कागद रद्दी काही नको, खाली फरशी किंवा दगड. गॉगल घाला. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा, ह्यावर वाद नको. वाळूची बादली आणि भरपूर पाणी हाताशी, आणि एक धातूचा डबा ज्याचं झाकण सैल बसतं, घट्ट नाही, कारण सेल बिघडला तर आतून वायू सुटतो आणि घट्ट डब्यात त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही.

मल्टिमीटर तर असेलच, पण लाल प्रोब कुठल्या भोकात आहे ते बघा. आधी कधीतरी करंट मोजला असेल तर प्रोब अँपिअरच्या भोकात राहिलेली असते, आणि तशीच सेलला लावली की तुम्ही व्होल्टेज मोजत नाही, सेल सरळ शॉर्ट करता. प्रत्येक वेळी बसायच्या आधी बघायचं. साधी कटिंग पक्कड, टोकदार चिमट्यासारखी पक्कड, प्लास्टिकची पट्टी, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), सेलच्या टोकाला लावायचे कागदी वॉशर, नवीन रॅप (सेलच्या अंगावरचं प्लास्टिकचं वेष्टन), हे सगळं आधीच मांडून ठेवा, अर्धवट सोललेला पॅक टेबलावर टाकून टेप शोधायला उठायचं नाही.

आता ओळख, आणि ती पॅक उघडायच्या आधीच करायची. लेबल वाचा, फोटो काढा. लॅपटॉपच्या पॅकवर १०.८ किंवा ११.१ व्होल्ट लिहिलं असेल तर ३ सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले, १४.४ किंवा १४.८ असेल तर ४. म्हणजे ११.१ व्होल्ट ४४०० एमएएच (ही क्षमता, किती चार्ज मावतो ते) आणि आत ६ सेल, तर दोन-दोनच्या तीन जोड्या आणि प्रत्येक सेल नवा असताना २२०० चा होता, हा आकडा लिहून ठेवा कारण पुढे क्षमता मोजाल तेव्हा तुलना ह्याच्याशीच करायची. १२.८ व्होल्ट लिहिलं असेल तर तो पॅक लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे ३.२ चे चार सेल, आणि त्याचा चार्ज ३.६५ ला थांबतो, ४.२ ला नाही. उलट मोबाईल-टॅबलेटच्या बऱ्याच पाऊच (चपट्या, मऊ पिशवीसारख्या) बॅटऱ्यांवर ३.८ किंवा ३.८५ व्होल्ट छापलेलं असतं, त्या ४.३५ किंवा ४.४ पर्यंत जाणाऱ्या असतात. ह्यांना ४.२ च्या चार्जरवर लावलं तर फक्त थोड्या कमी भरतात, काही बिघडत नाही, पण साध्या ३.७ वाल्याला ४.३५ दिलं तर तुम्ही धोका विकत घेतलाय.

सेलच्या अंगावरची अक्षरंही वाचा. आयसीआर म्हणजे कोबाल्टवाला, आयएमआर मँगनीज, आयएनआर निकेल, आयएफआर म्हणजे लोह फॉस्फेट. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ लांबी, शेवटचा शून्य म्हणजे गोल, २१७०० चंही तसंच. रॅपच्या रंगावर अजिबात जाऊ नका, रॅप कुणीही बदलू शकतं, आणि १८६५० वर ५००० च्या पुढचा एमएएच आकडा दिसला तर तो खोटा, एवढं त्या आकारात मावतच नाही.

आणि हे नीट ऐका, सगळं लिथियम रिचार्जेबल नसतं. सीआर ने सुरू होणारे, म्हणजे सीआर २०३२ चं बटण किंवा सीआर १२३ए, हे एकदाच वापरायचे, त्यांच्यात धातूरूप लिथियम असतं. त्याहून फसवा ईआर ने सुरू होणारा, कारण तो ३.६ व्होल्ट दाखवतो, अगदी लिथियम आयनसारखा, आणि वीज-पाण्याच्या मीटरच्या किंवा सेन्सरच्या बोर्डावरून निघतो. मल्टिमीटर लावून फरक कळत नाही, अक्षरंच वाचावी लागतात. ह्यांना चार्ज करायला जाल तर फुटू शकतात. अक्षरं पुसली असतील आणि सेल कुठून निघाला तेही माहीत नसेल तर तो बाजूला, अंदाज नको. म्हणूनच मार्कर, कुठल्या वस्तूतून निघाला ते त्याच क्षणी सेलवर लिहा, उद्या आठवणार नाही.

फुगलेली पाऊच बॅटरी वापरायची नाही. टोचून हवा काढायची नाही, दाबायची नाही, सपाट करायची नाही, वर काही ठेवायचं नाही. कुणी काही सांगो. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत असेल तर आतलं द्रव्य गळतंय, तो सेल सैल झाकणाच्या डब्यात घालून घराबाहेर.

पॅक उघडताना सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, शिवणीवर दाबून तडा द्या आणि मग प्लास्टिकची पट्टी फिरवा. आत निकेलच्या पट्ट्या सेलना स्पॉट वेल्ड केलेल्या (करंटच्या झटक्याने ठिपक्याठिपक्यांत चिकटवलेल्या) असतात. एका वेळी एकच पट्टी कापायची, कापलेलं टोक लगेच टेपने झाकायचं, बीएमएसच्या (पॅकमधलं सेल सांभाळणारं संरक्षक सर्किट) बारीक वायरीही एकेक करून. मग सेलवर राहिलेला पट्टीचा तुकडा टोकदार पकडीत धरून हळूहळू गुंडाळत सोडवायचा, ओढायचा नाही. इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं ते प्लस टोक. गोल सेलचा अख्खा पत्र्याचा डबा मायनस असतो, वरच्या खांद्यापर्यंत, आणि मधल्या प्लसच्या टोपीपासून तो जेमतेम एक-दोन मिलिमीटरवर असतो, मध्ये फक्त प्लास्टिकची कड आणि वर कागदी वॉशर. रॅप तिथे फाटला आणि पट्टी खांद्याला टेकली की थेट शॉर्ट. वॉशर फाटला तर नवा, रॅप फाटला तर नवा, आणि जुन्या रॅपवर लिहिलेलं नव्या रॅपवर उतरवायचं, हेही विसरतात लोक.

सेल सुटला की पुढचा उचलायच्या आधी तीन गोष्टी त्याच्यावर लिहायच्या: कुठून आला, तारीख, आत्ताचं व्होल्टेज. सगळे काढून झाल्यावर नाही, एकेक, सुटला की लगेच. जोडीतले दोन सेल असतील तर जोडीचा नंबरही, कारण पॅक मरतो तेव्हा बहुतेक वेळा एकच जोडी गेलेली असते आणि बाकीच्या धडधाकट असतात, आणि हे तुम्हाला त्या पहिल्या आकड्यावरूनच कळणार. पॅकच्या बाहेरच्या कनेक्टरवर शून्य दिसलं म्हणून फेकू नका, बीएमएसने बंद केलं असेल, सेलच्या टोकांवर मोजा. पण सुटा गोल सेल थेट टोकांवर अगदी शून्य दाखवत असेल तर बहुधा आतली सुरक्षा यंत्रणा दाब वाढून उडालेली असते, ती दाबून-ठोकून परत जोडायचे उद्योग करू नका.

३ व्होल्टच्या वर असेल तर पुढे जा. २ ते ३ च्या मध्ये असेल तर आधी अगदी कमी करंटने, १०० मिलिअँपच्या आसपास, समोर बसून ३ पर्यंत आणायचा. २ च्या खाली, बाद. हे नियमाला धरून राहायचं म्हणून सांगत नाही, फार खाली उतरून पडून राहिलेल्या सेलमध्ये तांब्याची पट्टी विरघळायला लागते आणि परत चार्ज केला की ते तांबं आत नको तिथे साचतं, मग आतल्या आत शॉर्ट. सेल वर येईल, ४.२ दाखवेल, सगळं छान वाटेल. म्हणून २ च्या खालच्यावर काढल्या क्षणी मार्करने मोठी फुली, दोन्ही टोकांना टेप, आणि वेगळा डबा. मी सांगितलं ना, चार्ज झाल्यावर ओळखता येत नाही.

चार्जिंगला टीपी४०५६ ह्या चार्जर चिपचं छोटं बोर्ड सगळे वापरतात, चांगलं आहे, पण ते बहुतेक १ अँपिअरवर सेट केलेलं येतं. १८६५० ला ठीक, ३०० एमएएचच्या छोट्या सेलला ते तिप्पट जास्त आहे, तिथे १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावा म्हणजे १३० मिलिअँपच्या आसपास येतं. फॉस्फेटवाल्याला हे बोर्ड चालणार नाही. शून्य अंशाच्या खाली थंडीत चार्ज करायचं नाही, आत लिथियमचा थर बसतो. चार्ज होताना मधूनमधून हात लावून बघा, कोमट चालेल, शेजाऱ्यांपेक्षा एक जास्त तापतोय असं दिसलं की काढा आणि फुली. आणि चार्ज लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही.

पूर्ण भरला की तारीख आणि व्होल्टेज परत सेलवर लिहा. हो, परत. आता त्याला दोन ते चार आठवडे नुसता पडू द्या, धातूच्या डब्यात, टोकं झाकून. ही पायरी सगळे गाळतात कारण कंटाळा येतो, आणि खरी छाननी इथेच होते. ४.२ वरून थोडा खाली येऊन ४.१ च्या आसपास स्थिरावला तर ठीक. ४ च्या खाली गेला तर तो आतून गळतोय, बाद. सगळे ४.१५ वर आणि एकच ४.०३ वर, तर तोही संशयित, त्याला पॅकमध्ये घेऊ नका. ही तुलना सेलवर तारीख नसेल तर करताच येत नाही, महिन्यानंतर वहीतल्या १४ नंबरचा सेल डब्यातला कुठला हे सांगून दाखवा.

मग क्षमता, डिस्चार्ज टेस्टरवर ३ व्होल्टपर्यंत उतरवून. मूळ आकड्याच्या ७०-८० टक्के असेल तर ठेवा. अंतर्गत रोधही बघा, एकाच जातीच्या सेलमध्ये एकाचा दुप्पट असेल तर तो नको. लिहा.

जोडणी थोडक्यात. एका जातीचे, जवळपास सारख्या क्षमतेचे सेलच एकत्र. पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करताना व्होल्टेजमधला फरक ०.०५ च्या आत हवा. एक ४.२ आणि दुसरा ३.६, दोघांचा रोध ५० मिलिओहम धरला तर जोडल्या क्षणी ६ अँपिअर एकातून दुसऱ्यात धावणार. सेलवर सोल्डर करायचं नाही, आतला प्लस-मायनस वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पडदा साधारण १३० अंशाला वितळायला लागतो, स्पॉट वेल्ड करा नाहीतर होल्डर वापरा. सिरीज असेल तर बॅलन्स करणारं (सगळ्या सेलचं व्होल्टेज सारखं ठेवणारं) बीएमएस हवंच, आणि फ्यूज. लॅपटॉपचे सेल ड्रिल मशीनला लावू नका, एवढा करंट त्यांच्या बसचा नाही, टॉर्च, रेडिओ, छोटी पॉवर बँक इतपत. पडून ठेवायचे असतील तर ३.७-३.८ वर.

धूर आला तर हातात धरून धावू नका, तो श्वासात घेऊ नका, त्यात हायड्रोजन फ्लोराईड असतं. जमलं तर लांब पक्कडने उचलून वाळूत, आणि भरपूर पाणी, लिथियम आयनला पाणी चालतं, काम थंड करायचंच आहे. शेजारचे सेल आधी दूर करा. मोठा पॅक पेटला तर बाहेर पडा आणि अग्निशमनला बोलवा.

फुलीवाले टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. रोजच्या कचऱ्यात टाकले तर गाडीत दाबले जाऊन तिथे पेट घेतात, आणि ते हाताळणाऱ्याला त्यात काय आहे हे माहीतही नसतं. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.