आयएफकॉम्पला कथा-गेम पाठवताना

१९९५पासून चालू असलेल्या आयएफकॉम्प या इंटरॅक्टिव्ह फिक्शन (खेळाडूच्या निवडी किंवा आज्ञांनुसार पुढे जाणाऱ्या मजकुराच्या कथा-गेम) स्पर्धेत परीक्षक असतात ते सर्वसामान्य खेळाडूच. प्रत्येकाने किमान ५ गेमना १ ते १० गुण द्यायचे, तेही फक्त पहिल्या २ तासांच्या खेळावरून. कथेची आखणी इथूनच सुरू करा. ४ तासांची कथा पाठवली, तर तिचा कळस गुणांत धरलाच जात नाही. दीड तासात शेवट गाठता येईल एवढीच लिहा आणि अडलेल्यांसाठी उत्तरांची फाइल सोबत जोडा.

गेम आधी कुठेही प्रसिद्ध झालेला नसावा, म्हणून चाचणी खासगी लिंकवरच घ्या. चाचणीला सगळ्यांना एकदम बसवू नका. एकदा कथा कळलेला माणूस पुन्हा नवखा होत नाही, तेव्हा निम्मे जण शेवटच्या आवृत्तीसाठी राखून ठेवा. प्रत्येकाकडून खेळाची संपूर्ण ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे खेळताना पडद्यावर आलेल्या मजकुराची नोंद, मागा. खेळाडू नेमका कुठे गोंधळला, हे त्याच्या अभिप्रायापेक्षा तिच्यात स्वच्छ दिसतं. ट्वाइन हे निवडींच्या कथा बनवण्याचं साधन वापरत असाल तर कथेची प्रत्येक फांदी शेवटपर्यंत चालवा.

निव्वळ कथेचा सन्मान हवा असेल, तर इंटरॅक्टिव्ह फिक्शनसाठीच्या एक्सवायझेडझेडवाय (XYZZY) पुरस्कारांत सर्वोत्तम कथा आणि सर्वोत्तम लेखन असे स्वतंत्र विभाग आहेत. ते वर्षवार दिले जातात, म्हणून आयएफडीबी या कथा-गेमच्या ऑनलाइन सूचीवर प्रकाशनाची तारीख अचूक नोंदवा.