तान्ह्याच्या सर्दीत या चुका टाळा (आणि ती तेलाची वाटी आधी उचला)

लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी सत्तावीस वर्षं गेली. पाऊस सुरू झाला की त्याच चुका, तीच घाबरलेली तोंडं. आता निवृत्त आहे, तरी फोन थांबलेले नाहीत.

सगळ्यात राग येतो तो नाकात तेल घालण्याचा. माझ्या भाचीची लेक तेव्हा अडीच महिन्यांची. रात्री अकराला फोन आला, "मावशी, ही दूधच घेत नाहीये." गेले. ऐन जुलैत पोरीला स्वेटर, वर कानटोपी. खिडक्या बंद, खोलीत ओव्याच्या धुरीचा धूर. पाळण्याशेजारी कोमट खोबरेल तेलाची वाटी. सासूबाई म्हणाल्या, "दोनच थेंब सोडलेत, नाक सुटेल."

आधी टायमर लावून मिनिटभर तिचं पोट वर-खाली होताना मोजलं. चव्वेचाळीस. रडत नसलेलं बाळ मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास घेत असेल (दोन महिन्यांच्या आत साठ), तर घरी बसू नका. मग अंगावर घ्यायला लावलं. दोन घोट ओढायची, सोडायची, कळवळून रडायची. भूक होती हो तिला! एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की एकाच वेळी ओढायचं आणि श्वास घ्यायचा, हे जमत नाही. त्यात तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

खिडकी उघडली, स्वेटर-टोपी काढली. चौकातल्या मेडिकलमधून सलाइनचे नाकात टाकायचे ड्रॉप आणवले. नाकपुडीत एकेक थेंब आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं. हे बसणंच आजकाल कुणाला जमत नाही. थेंब टाकला की लगेच पाजायला घेतात आणि "काही उपयोग नाही" म्हणतात. सुटलेला शेंबूड मऊ सुती फडक्याने टिपला. सव्वाबाराला पोरगी पोटभर प्यायली. तेल गेलंच होतं, म्हणून सकाळी डॉक्टरांना छाती तपासायला लावली. साफ होती.

तो शेंबूड ओढायचा पंप मला आवडत नाही. दिवसातून दोनदा ठीक आहे, पण सारखा चालवला की नाक आतून सुजतं आणि आणखी चोंदतं.

दुसरी चूक म्हणजे मोठ्याच्या बाटलीतलं उरलेलं सिरप "अर्धा चमचा" देणं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या कफ सिरपने मुलं दगावली. त्यानंतर ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत. सिरप चांगलं असलं तरी एवढ्या लहान बाळाला त्याचा फायदा नाही, उलट धोकाच. अँटिबायोटिक मागून घेऊ नका, सर्दी विषाणूची असते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणूनही नको.

बाकीचं थोडक्यात. मध वर्षाच्या आत नाही, घुटीतूनही नाही. कापराची पुरचुंडी पाळण्याला नको आणि छातीवर चोळायचा बाम दोन वर्षांपर्यंत नको. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ तर नकोच, भाजलेली बाळं मी पाहिली आहेत. डोक्याखाली उशी नको. आईला सर्दी असली तरी अंगावर पाजणं चालू ठेवावं, तोंडाला मास्क लावून.

तीन महिन्यांच्या आत ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, ओठ निळसर दिसले, ड्रॉप टाकूनही दूध घेईना किंवा शू कमी झाली, तर मला फोन करू नका, रिक्षा पकडा.

भाचीचा सहाव्या दिवशी पुन्हा फोन. "मावशी, शेंबूड अजून येतोच आहे."

"दूध पिते?"

"हो, मस्त."

"मग येऊ दे. दहा दिवस लागतात." आणि मी फोन ठेवला.